गोदूताईंचा मामलेदार

गोदूताई माणसाशी ओळख करून घ्यायच्या ती त्याची नखं बघून. नाव, गाव, गोत्र सगळं मागाहून. मी लग्न होऊन पनवेलात आले, माप ओलांडून जेमतेम आत पाऊल टाकलं, तेवढ्यात शेजारच्या दारातून पांढऱ्या नऊवारी लुगड्यातली एक उंच, सडसडीत बाई तरातरा आली. तिने माझा मेंदीचा हात उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "रंग छान चढलाय. नखं काप उद्या." एवढं बोलून गेलीसुद्धा. मी रडकुंडीला आले. सासूबाई म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस. परवा भटजींचीही बघितली तिने."

गोदूताई म्हणजे आमच्या भागातल्या सुईणबाई. चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, पण रडत कोपऱ्यात बसायचा स्वभाव नव्हता. भावाशी भांडून पुण्याला गेल्या, सुईणीचं शिक्षण घेतलं आणि पनवेलच्या दवाखान्यात नोकरीला लागल्या. मी आले तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. एकट्या राहायच्या. घरात माणसं शून्य आणि पातेली बारा, कारण त्यांना सगळं उकळायची खोड होती. कात्री उकळायची, दोरा उकळायचा, ते ठीक. पण माझ्याकडून विरजण नेलं तर वाटी परत यायची ती उकळलेली. एकदा माझी विळी उकळायला मागितली, तेव्हा मात्र मी भांडले.

आणि बोलणं? सगळं सुईणीच्या भाषेत. चहाला आधण यायचं असलं तर म्हणायच्या, "कळा अजून लांबच्या आहेत." एसटीला उशीर झाला की, "येईल हो, कळा लागल्यात तिला." बाळाची वाट किती उघडली ते सुईणी बोटांनी मोजतात, तशी कुठलीही गोष्ट कितपत झाली ते त्या बोटांत सांगायच्या. भात किती शिजला? "तीन बोटं." आमच्या ह्यांची बढती कुठवर आली? "अजून एकच बोट, घाई करू नका." हे मामलेदार कचेरीत कारकून होते आणि फार सोवळ्या कानांचे. त्यांना हे बोलणं ऐकून घाम फुटायचा.

तर अशा गोदूताईंनी घोडा घेतला.

का घेतला ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही नुसते हसत बसाल. आम्ही तेच केलं होतं.

तेव्हा स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण ते अजून गव्हाणच्या रस्त्यापर्यंत पोचलं नव्हतं. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि पावसाळ्यात तीही वाटेत बसकण मारायची. पुढे नुसती भातखाचरं, बांध आणि मिठागरांच्या कडेचा चिखल. त्याआधीच्या पावसाळ्यात गव्हाणहून चांगुणाच्या बाळंतपणाचं बोलावणं आलं. आगऱ्याची पोर, विशीसुद्धा ओलांडलेली नव्हती, पहिलटकरीण. गोदूताई लुगडं खोचून तीन तास चिखल तुडवत गेल्या. पोचल्या तेव्हा चांगुणा वाचायची होती ती वाचली, पण मूल गेलं होतं. अर्धा तास आधी पोचल्या असत्या तर जगलं असतं, असं त्याच म्हणाल्या. परत आल्यावर विहिरीवर उभ्या राहून त्या किती वेळ हात धूत होत्या. मी दोन कळशा पाणी काढून दिलं, तिसरीही दिली. त्या धूतच होत्या. शेवटी मी म्हटलं, "गोदूताई, झाले हो स्वच्छ." तेव्हा कुठे थांबल्या.

आणि वर्ष फिरलं तशी चांगुणाला पुन्हा दिवस गेल्याची बातमी आली. दिवस भरणार होते गणपतीच्या मागेपुढे, ऐन चिखलात. गोदूताईंनी चांगुणाला निरोप धाडला, "या खेपेला मी वेळेवर येणार." आणि ज्येष्ठात, पेटीच्या तळाशी ठेवलेल्या लग्नातल्या पाटल्या मोडून, घोडा दारात आणून बांधला.

"अहो, टांगा करा की," मी म्हटलं.

टांगेवाला इस्माईलभाई तिथेच उभा होता. त्याची चारही पोरं गोदूताईंच्या हातची, म्हणून तो त्यांच्या शब्दाबाहेर नसायचा. पण तोही हात जोडून म्हणाला, "वहिनी, गव्हाणच्या चिखलात टांगा घातला ना, तर टांगा राहील तिथं आनि घोडा येईल परत. तिथं सडा घोडाच पायजे."

घोडा विकणारा कल्याणकडचा. त्याने गोदूताईंना सांगितलं होतं, की हा घोडा एका मामलेदारसाहेबांचा. साहेब पेन्शनीत निघाले म्हणून विकायचा, नाहीतर रोज दहा-दहा गावं फिरायची सवय हाय बघा त्याला. गोदूताईंना बाळाची नाळ कळायची, माणसाची लबाडी कळायची नाही. त्यांनी घोड्याचे चारी खूर उचलून बघितले आणि "स्वच्छ आहे" म्हणून सौदा केला. मी मात्र घोड्याच्या आयाळीत अडकलेला जरीचा धागा बघितला होता. कपाळावर पुसट लाल डागही होता. म्हटलं, मामलेदारांच्या घरच्यांना हौस असेल. आपल्याला काय करायचंय?

त्या दिवसापासून घोड्याचं नाव मामलेदार पडलं. "मामलेदारांना गवत घातलं का?" "मामलेदार आज नाराज दिसतात." "मामलेदारांनी आमच्या दारात घाण केली." हे सगळं आमच्या कुंपणावरून मोठ्याने चाले आणि आमचे हे खिडक्या लावत फिरत. कचेरीतल्या खऱ्या मामलेदारांच्या कानावर गेलं तर नोकरी जायची, ही त्यांची धास्ती.

शिकवणी सुरू झाली ती सकाळी, आमच्या मागल्या अंगणात. गोदूताईंनी कासोटा घट्ट मारला, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट चढवले, धुण्याच्या दगडावर चढल्या आणि इस्माईलभाईने "या अल्ला" म्हणेपर्यंत खोगिरावर जाऊन बसल्याही. नऊवारी लुगडं घोड्यावर बसायलाच केलं असावं इतकं चोख बसलं. आम्ही सगळ्या बायका परसात जमलो होतो, तोंडाला पदर लावून.

मामलेदार हलले नाहीत.

इस्माईलभाईने टाळी वाजवली, चुचकारलं, लगाम धरून ओढलं. गोदूताईंनी टाचा मारल्या. हूं नाही की चूं नाही. घोडा असा शांत उभा, जणू कुणीतरी त्याचं अंग पुसायला येणार आहे. अर्ध्या तासाने गोदूताईंनी वरूनच मला हाक मारली, "सुमे, माझी विणायची पिशवी दे वर." आणि घोड्यावर बसून बाळाचं टोपडं विणायला लागल्या.

"अहो उतरा आता!"

"का म्हणून? कळा येऊ देत त्याला."

पाच दिवस हेच. पाच दिवसांत दोन टोपडी विणून झाली, घोडा पाऊलभर पुढे गेला नाही. रोज संध्याकाळी मी विचारायची, "काय प्रगती?" त्या गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "बंदच आहे अजून."

सहाव्या दिवशी मामलेदार शेणात पाय देऊन उभे होते. गोदूताईंना ते कुठलं सहन व्हायला! त्यांनी बादलीभर पाण्यात लाल औषधाची पूड टाकली आणि त्या गुलाबी पाण्याने चारी खूर धुतले. धुतले मात्र, घोड्याने मान ताठ केली, कान उभारले, पुढचा पाय तालात उचलून ठेवला आणि डोकं खाली वाकवून थांबला. कुणीतरी कपाळाला काही लावणार आहे, असा.

इस्माईलभाई मटकन खाली बसला. हसत होता की रडत होता कळेना. "बाई," तो म्हणाला, "अल्लाकसम सांगतो, फसलात तुमी. हा मामलेदाराचा नाय. हा नवरदेवाचा घोडा हाय! वरातीचा! पायावर पानी घातलंत, आता त्याला कुंकू पायजे आनि नारळ पायजे. त्याबिगर तो निघायचा नाय."

तोंडावरचे पदर खाली आले आणि आम्ही सगळ्या खो-खो हसत सुटलो. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "शिव शिव!" म्हणाल्या. "विधवा बाई नवरदेवाच्या घोड्यावर! गोदू, पुन्हा चढू नकोस वर. लोक काय म्हणतील?"

गोदूताई घोड्याची मान थोपटत म्हणाल्या, "काकू, मी विधवा आहे हे त्याला कुठे ठाऊक? त्याला फक्त वजन कळतं." आणि मला म्हणाल्या, "घरात नारळ आहे का गं?"

नारळ फुटला. कुंकू मीच लावलं. आणि मामलेदार चालायला लागले, मोठ्या डौलात, दहा पावलं. दहा पावलांवर थांबले. वरातीत पुढची मंडळी नाचतात ना, त्यांच्यासाठी थांबायची सवय. पुरतं नाचून व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला, की पुन्हा दहा पावलं. गोदूताई मात्र खुशीत. संध्याकाळी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "सुमे, दोन बोटं प्रगती आहे."

त्यानंतर आमच्या घरात जे खोबरं झालं, त्याला सुमार नाही. रोज सकाळी एक नारळ फुटायचा आणि गोदूताई एकट्या किती खाणार? भकलं आमच्याकडे यायची. सोलकढी, खोबऱ्याच्या वड्या, चटणी, पातोळे, पुन्हा सोलकढी. हे कचेरीतून यायचे, ताटाकडे बघायचे आणि हताश होऊन विचारायचे, "आजही गेले वाटतं मामलेदार?" शेवटी इस्माईलभाईनेच तोड काढली. रिकामी करवंटी दगडावर फाडकन आपटायची. मामलेदार दोन दिवस फसले. तिसऱ्या दिवशी खाली मान घालून भकल शोधायला लागले, ते सापडेपर्यंत पाऊल उचलेनात. मग करवंटी आपटून एक भकल पुढे टाकायचं ठरलं आणि एक नारळ चार दिवस पुरायला लागला.

आषाढात गोदूताई बाजारात पोचल्या. प्रत्येक चौकात मामलेदार थांबत, कारण वरात चौकात थांबतेच. देवळापुढे थांबत, दर्ग्यापुढे थांबत, ज्या दारात चार माणसं दिसतील तिथे थांबत. दुसऱ्या कुणी लाजेने घोडा विकून टाकला असता. ह्या बाईने तिथेच दवाखाना मांडला. वाण्याच्या दारात घोडा थांबला की वरूनच वाण्याच्या सुनेला, "गोळ्या घेतेस की फेकतेस? डोळे दाखव. पांढरे आहेत." पुढच्या दारात, "जीभ काढ." त्याच्या पुढच्यात, "नखं!" बायका आत पळायच्या. पण दोन महिन्यांत पनवेलातल्या पोरासोरांची नखं जेवढी कापली गेली तेवढी आधीही नव्हती आणि पुढेही नाही.

पडल्या का? पडल्या की. गाढी नदीच्या अलीकडे म्हशीला बुजून मामलेदार बाजूला झाले आणि गोदूताई सरळ भाताच्या खाचरात, डोक्यावर. चिखलाने नखशिखान्त माखून घरी आल्या. मी हाय खाल्ली. त्या म्हणाल्या, "त्यात काय मेलं! आपण सगळे डोक्यावरच तर आलो जगात." आणि लंगडत लंगडत पातेलं चुलीवर ठेवायला गेल्या.

श्रावणाच्या सुरुवातीला त्या रोडपालीला जाऊन एक बाळंतपण करून आल्या. इस्माईलभाईने घोड्याची थांबायची खोड बरीचशी मोडली होती. पण एक अडचण राहिली, आणि ती मोठी होती. मामलेदार चालत, पळत नसत. वरातीच्या घोड्याने पळून कसं चालेल? त्यांच्या गतीने गव्हाणला जायला तेवढाच वेळ लागणार होता जेवढा पायी लागतो. सासूबाईंनी ते वर्मावर बोट ठेवलंच, "मग चालत गेलेलं काय वाईट होतं? पाटल्या तरी राहिल्या असत्या." गोदूताई दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पुन्हा नदीकडे गेल्या घोड्याला पळवायला. टाचा मारून मारून बुटाच्या कडा फाटल्या. रोज मी विचारायची आणि रोज उत्तर एकच, "तीन बोटांवर अडलंय, सुमे. पुढे सरकत नाही. आणि पोरीचे दिवस भरत आले."

गणपती बसले. गौरी आल्या, जेवल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी विसर्जनाला निघालो, मी गौर घेऊन, हे डोक्यावर गणपतीचा पाट घेऊन, मागे सासूबाई झांज वाजवत. बाजारपेठेत आळीआळीचे गणपती एकत्र आले होते. पुढे ढोल, त्यांच्यापुढे ताशा. ताशेवाला सखाराम साठीचा, वाळल्या चवळीच्या शेंगेएवढा, पण हातात वीज होती.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत गोदूताई आल्या, घोड्यावर, काळी बॅग खांद्याला. मागून चिखलाने बरबटलेला एक माणूस पळत होता. चांगुणाचा दीर. धापा टाकत मला म्हणाला, "वयनी, सकालधरना दुकतंय तिला. मी आलो चालत. जरा वाट करा ओ गोदूबायला!"

सकाळपासून. आणि हा तीन तास चालत आलेला.

पण मामलेदारांच्या कानावर ताशा पडला होता. किती महिन्यांनी ऐकला असेल बिचाऱ्याने! मान उभारली, आयाळ झटकली आणि गोदूताई लगाम ओढताहेत, ओरडताहेत, तिकडे ढुंकून न बघता थेट मिरवणुकीच्या पुढे जाऊन, विसर्जनाच्या तळ्याकडे तोंड करून, नाचायला लागला. पुढचे दोन पाय तालात वर, खाली, वर. लोकांना वाटलं यंदा घोडाही आणलाय. टाळ्या पडल्या. कुणीतरी गोदूताईंवर गुलाल उधळला. पांढऱ्या लुगड्यातली ती बाई गुलालाने लाल झाली आणि वरून ओरडत राहिली, "अरे सोडा मला! मूल मरेल! मूल मरेल तिथे!" कोणाला ऐकू जात नव्हतं.

मला ऐकू गेलं. मी हातातल्या गौरीसकट सखारामपुढे उभी राहिले आणि किंचाळले, "बंद कर मेल्या!" ताशा थांबला. ढोल थांबले. आणि मामलेदारही थांबले. आता टाचा मारा, ओढा, काही करा. खांब झाले.

गोदूताई उतरायला लागल्या. "मी चालत जाते," म्हणाल्या. इस्माईलभाई पळत आला आणि म्हणाला, "बाई, उतरू नका, एक मिंट. ताशा ज्या चालीनं, त्या चालीनं हा चालतो. बघितलं ना तुमी? ताशा पळाला तर हापन पळंल. पन ताशेवाला घोड्याच्या पुढं किती पळनार?"

आणि मग, काय सांगू तुम्हाला, आमच्या सासूबाई पुढे झाल्या. सोवळ्याओवळ्याच्या, शिव शिव करणाऱ्या सासूबाई. त्यांनी झांज माझ्या काखोटीला मारली, सखारामचा दंड धरला आणि म्हणाल्या, "चढ."

"आँ? कुठं?"

"घोड्यावर. तिच्या मागे बस. पाठीला पाठ लावून बस नि वाजव."

"काकी, अवो बाईमाणसाच्या मागं? लोक काय म्हनतील?"

"लोकांना मी बघते. चढ मेल्या, पोर अडलीय तिथं!"

इस्माईलभाईने सखारामला पोत्यासारखा उचलून वर टाकला. गोदूताईंनी पदर कमरेला आवळून त्याच्याच एका टोकाने त्याला बांधून घेतलं. सखारामने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि इस्माईलभाईने घोड्याचं तोंड गव्हाणच्या वाटेकडे फिरवताच ताशावर अशी काही काडी धरली, की ऐकणाऱ्याची छाती धडधडावी. मामलेदार आधी दचकले. मग चालले. सखारामने लय वाढवली. आणि मामलेदार दुडक्या चालीने पळायला लागले, सखारामने आणखी वाढवली आणि मामलेदार पळाले हो! खरेखुरे पळाले! गुलालाने माखलेली विधवा पुढे तोंड करून, वाळका ताशेवाला मागे तोंड करून, दोघं उडताहेत, आदळताहेत, आणि ताशा तडतडतोय. सगळा बाजार बघत राहिला. कोणी हसलं नाही. त्या वर्षी पनवेलच्या गणपतींचं विसर्जन ताशाशिवाय झालं.

रात्र आम्ही तशीच काढली. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले होते. सकाळी उजाडता उजाडता टापा वाजल्या. मी धावत बाहेर गेले. गोदूताई उतरल्या, बसूनच राहिल्या ओट्यावर, पाय धरून. मांड्या सोलून निघाल्या होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"मुलगा. पायाळू. नाळेचे दोन वेढे होते गळ्याला." मग पाय चोळत, "रडला. चांगला कडकडून रडला." आणि मला पहिल्यांदाच म्हणाल्या, "सुमे, चहा करशील का? उकळू नकोस फार. आहे तसा दे."

सखाराम दुपारी बैलगाडीतून आला. पुढे महिनाभर तो उभ्यानेच जेवत होता. पण सांगताना छाती फुगायची. मूल रडलं तसं गव्हाणकरांनी त्याला अंगणात ताशा वाजवायला लावला, म्हणे, आणि मामलेदार तासभर नाचले. पुढे गोदूताईंनी कात्र्यांचा पत्र्याचा डबा खोगिराला बांधला. तो खडखडला की मामलेदार पळायचे. सखारामची गरज उरली नाही.

आता एक सांगायचं राहिलंय, आणि ते सांगताना मला लाज वाटते. गोदूताईंनी पनवेलात शेकड्यांनी मुलं जगात आणली, पण त्यांना बारशाला कुणी बोलवत नसे. विधवा, म्हणून. माझा वसंत त्यांच्याच हातचा. त्याच्या बारशाला आमच्या घरात आळीतल्या पस्तीस बायका होत्या आणि भिंतीपलीकडे गोदूताई एकट्या भांडी उकळत बसल्या होत्या. मला कळत होतं. बोलायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपडं आणून दिलं आणि वसंताची नखं बघून गेल्या. मी ते टोपडं घेतलं, खाली मान घालून. अजून तो क्षण आठवला की मला माझा राग येतो.

गव्हाणवाल्यांनी असलं काही मनात आणलं नाही. बारशाच्या आदल्या दिवशी चांगुणाचा दीर स्वतः आला, "गोदूबाय, तुमी आल्याबिगर पाळणा हलायचा नाय," म्हणाला, आणि मलाही आवतण दिलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेले. गोदूताई घोड्यावरून माझ्या आधी पोचल्या होत्या.

घर माणसांनी भरलेलं. पाळणा फुलांनी मढवलेला, बायका दाटीने बसलेल्या. चांगुणा भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर तो काळासावळा गोळा. नाव ठेवायची वेळ झाली तशी तिने गोदूताईंना हात धरून जवळ बसवलं आणि म्हणाली, "बाय, आत्या तुमीच. नाव तुमीच ठेवा."

मला वाटलं गोदूताई हरखून जातील. त्यांनी बाळाच्या गालाला बोट लावलं आणि मान हलवली.

"ह्याचं तुम्ही ठेवा गं. सगळ्यांनी मिळून ठेवा, मोठ्याने." आणि मग अगदी हळू म्हणाल्या, "पहिल्याचं मी ठेवलंय."

चांगुणाने मान वर केली.

"गेल्या वर्षी," गोदूताई म्हणाल्या. "त्याला धुतलं, पुसलं, गुंडाळलं, तेव्हा. तू शुद्धीवर नव्हतीस. नऊ महिने होता तो तुझ्यापाशी. नावाशिवाय कसा पाठवायचा? म्हणून ठेवलं. माझ्याकडून जी जी गेली, त्या सगळ्यांची ठेवलीत मी. कुणीतरी ठेवायला पाहिजे ना." त्यांनी नाक पुसलं. "तुला सांगावं की नाही, वर्षभर ठरवता येईना."

चांगुणाच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. पण आवाज नाही. बाळ मांडीवर झोपलेलं.

"काय ठेवलाव?" तिने विचारलं.

गोदूताई पुढे सरकल्या. बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकते, तशा वाकल्या. चांगुणाच्या कानावरचे केस बाजूला केले, दोन्ही हातांचा आडोसा धरला आणि तिला ते नाव सांगितलं. शेजारी बसून मला ऐकू आलं नाही. चांगुणाचे ओठ हलले. तिने ते स्वतःशी म्हणून पाहिलं असावं. आणि मग तिने एकाएकी गोदूताईंचं मनगट घट्ट धरलं.

"परत सांगा, बाय. मी इसरन."

"नाही विसरायचीस," गोदूताई म्हणाल्या, आणि परत सांगितलं.